द्वारकाअक्का आणि गावचे कागद

अक्का गेल्याचं कार्ड धुळ्याला आमच्या घरी मंगळवारी दुपारच्या टपालानं आलं. साडेचार ओळी होत्या. कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता, त्यामुळे कोणीतरी गेलं हे वाचण्याआधीच कळलं. कोण, एवढंच वाचायचं राहिलं होतं. अशी कार्डं घरात ठेवत नाहीत, वाचून फाडून टाकतात. मी सहसा कागद फाडत नाही. जुने हजेरीपट, मुलांचे देवी काढल्याचे दाखले, लढाईच्या दिवसांतली रॉकेलची कार्डं, सगळं माझ्याकडे गठ्ठे बांधून आहे. हे कार्ड मात्र मी ओट्यावर उभ्यानंच फाडलं. मग लक्षात आलं की अक्का किती वाजता गेल्या ते त्यात लिहिलेलं होतं आणि मी ते नीट वाचलंच नाही. यजमानांना विचारलं, तर त्यांनी कार्ड पाहिलंही नव्हतं. या गोष्टीला आज सहा आठवडे झाले. ती वेळ मला अजून ठाऊक नाही, आणि कोणाला विचारवत नाही...

द्वारकाअक्का जळगावच्या एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. खानदेशात खेड्यापाड्यांतून मुलींच्या शाळांवर ज्या बाया एकट्या राहून आल्या, त्यांना अक्कांची ओळख करून द्यायला नको. इतर वाचकांसाठी सांगते. रावेरकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी लग्न झालं आणि अकराव्या वर्षी नवरा गेला. वडील सहीपुरतं लिहिणारे, पण त्यांनी लेकीला पुन्हा पाटी दिली. पुढे ट्रेनिंगला पाठवलं तेव्हा भाऊबंदांनी वर्षभर त्यांच्या घरचं पाणी वर्ज्य केलं होतं, असं अक्का सांगत. सांगताना त्यांना त्याचा राग नसे. उलट म्हणत, "वडलांना बरंच झालं. त्या वर्षी केळीला पाणी पुरलं."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते जळगाव स्टेशनवर. माझं वय वीस. पुण्याहून ट्रेनिंग संपवून मी पहिल्या नेमणुकीच्या गावी निघाले होते. जळगावला उतरायचं, तापीच्या लाइनवरची गाडी धरायची, अमळनेरच्या पुढे दोन स्टेशनं जायचं आणि तिथून सहा मैल बैलगाडी. जळगावच्या दोन गाड्यांमध्ये पावणेसात तास होते. बायकांच्या वेटिंग रूममध्ये एक कुटुंब सामानाच्या सोळा डागांनिशी उतरलेलं होतं. मी बाहेर ट्रंकेवर बसले होते. पायात वहाणा, हातात छत्री. त्या काळी बाईजवळ या दोन वस्तू एकदम दिसल्या की लोक ओळखायचे, ही मास्तरीण. आणि ओळखलं की मागून काहीतरी बोलायचे. एका हमालाचं बोलून झालं होतं. दुसरा बोलण्याच्या बेतात होता, एवढ्यात एक उंच, काळीसावळी बाई समोर येऊन उभी राहिली. तिच्याही हातात छत्री होती. तिनं माझं नाव विचारलं नाही, ते तिला माहीत होतं. शिक्षण खात्याच्या कचेरीतल्या एका भल्या कारकुनाकडून त्या नेमणुका आधीच विचारून ठेवत आणि गाडीवर येत, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त रडायला लागले. अक्का शाळेत आणि चारचौघांत शुद्ध बोलत, पण राग आला किंवा माया आली की रावेरची बोली वर यायची.

"पोरी, आधी पानी पी," त्या म्हणाल्या. "मंग रड. गाडीले लई वेळ हाये."

एका जिनिंगच्या मागच्या गल्लीत त्यांची माडी होती. खाली घरमालक पिंजारी, वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत अक्का राहत. आतली खोली कोणाचीच नव्हती. जी बाई बदलीच्या गावी निघालेली असेल, परीक्षेला आलेली असेल, जिला धर्मशाळेत ‘बरोबर कोण आहे’ असं विचारून परत पाठवलं असेल, तिची ती खोली. मी त्या दिवशी तिथं पाच तास झोपले. पुण्याहून निघाल्यापासूनची ती माझी पहिली झोप.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्या माडीवर बाया जमत. कधी पाच, कधी चौदा. गाडीनं, टांग्यानं, काही तर चार-चार मैल चालत येत. मास्तरिणी जास्त, दवाखान्यातल्या दोघी नर्स असत, आणि उर्दू मुलींच्या शाळेच्या हमीदाबाई नेहमीच्या. गल्लीतले लोक याला ‘मास्तरिणींचा बाजार’ म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला झोंबलं होतं. अक्का म्हणाल्या, बाजार तर बाजार, ज्याला जे लागतं ते तो घेऊन जातो, त्यात वाईट काय? पहिला तास फक्त शाळेचा, हा त्यांचा दंडक होता. पाढे न येणारी मुलगी, पोरी शाळेत न पाठवणारा पाटील, तपासणीला येऊन परकराचं कापड कुठलं विचारणारे डेप्युटी, यांचं बोलणं आधी. सासू, नवरा, लुगडी दुसऱ्या तासाला. मग कळण्याची भाकरी, भरीत, आणि कोणी रावेरकडून आलेली असेल तर केळी. हमीदाबाई भरीत पुसून खात आणि एकेक विनोद सोडून देत. "बुरख्यावर छत्री घेऊन निघाले," त्या एकदा म्हणाल्या, "तर गल्लीतली पोरं म्हणतात, आज तंबूला खांब लागला." अक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी त्यांना तसं हसताना एकूण तीनदा पाहिलं असेल.

पण अक्कांचं खरं काम म्हणजे गावचे कागद. एखाद्या बाईची बदली झाली की तिनं त्या गावाचा एक कागद लिहायचा. दोन प्रती. एक मागून येणाऱ्या बाईसाठी, एक अक्कांच्या पेटीत. त्यात काय लिहायचं ते ठरलेलं होतं. राहायला घर कोणाचं मिळतं, पाणी कुठून आणि किती लांबून, सकाळी बाहेर कुठल्या बाजूला जायचं, गाडीवान कोण विश्वासाचा, कुठल्या घरची म्हातारी पोरींना शाळेत धाडायला मदत करते. या गोष्टी कुठल्याही सरकारी हुकुमात नसत, आणि खेड्यात एकटीनं पहिली रात्र काढायची तर यांच्याशिवाय दुसरं काही लागतही नसे. कागदाला एक नियम होता: पाहिलं तेवढंच लिहायचं. ‘म्हणतात’ हा शब्द कागदात चालत नसे. अक्कांच्या स्वतःच्या पहिल्या नोकरीत एका निनावी पत्रातल्या ‘असे म्हणतात की’ या तीन शब्दांवरून त्यांची चौकशी झाली होती. आपण मास्तरिणी लोकांच्या ‘म्हणतात’नं मरतो, मग आपणच ते हत्यार हातात का घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते कोणालाही पटण्यासारखं होतं. मलाही पटलं होतं.

मी त्या पहिल्या गावी दोन वर्षं राहिले. गावाचं नाव इथं लिहीत नाही. तिथं शाळा समितीचे अध्यक्ष गावातलेच एक मोठे शेतकरी होते. सगळे त्यांना आबा म्हणत. बाईला राहायला खोली त्यांच्याच वाड्याच्या कडेला होती; दुसरं कोणी घर देईना. आल्या दिवशी गाडीवानानं माझी ट्रंक उतरवली. "बाई, आठेच शे तुमनी खोली," असं म्हणून तो लगेच बैल वळवून गेला. तो थांबला नाही, हे मी तेव्हा पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही.

खोलीला दोन दारं होती. एक पुढचं, त्याला आतून कडी होती. दुसरं मधलं, ते आबांच्या कोठीघरात उघडायचं. त्या दाराची कडी कोठीघराच्या बाजूला होती. माझ्या बाजूला नुसती फळी, आणि फळीवर खिळ्यांची चार भोकं. तिथं कधीतरी कडी-कोयंडा असावा आणि तो काढून घेतलेला असावा. मी पहिल्या संध्याकाळीच ते पाहिलं. ट्रंक त्या दाराला लावली आणि तिच्यावर पाट्यांची खोकी रचली. दोन वर्षं, सुट्ट्या सोडून रोज, मी ती ट्रंक संध्याकाळी लावली आणि सकाळी काढली. आबा माझ्याशी कधी वावगं बोलले नाहीत. दुपारी ओट्यावर येऊन बसत, वर्तमानपत्र वाचून दाखवा म्हणत, आणि वाचत असताना ऐकत नसत. दाराला मात्र तीनदा पलीकडून हात लागला. एकदा ट्रंक बोटभर सरकली. मी खोकले. मग काही झालं नाही.

मग माझं लग्न ठरलं आणि मी अमळनेरला बदली मागितली. बदलीच्या अर्जावर शाळा समितीच्या अध्यक्षांचा शेरा लागे. आबांनी चांगला शेरा दिला. मी गावचा कागद लिहिला. चाळीस ओळींचा. विहीर ऐंशी पावलं. वाणी अमुक, गाडीवान अमुक. तेवीस मुलींची नावं, आणि त्यांतल्या कोणाची आई भेटायला गेलं की चहा केल्याशिवाय सोडत नाही, तेसुद्धा. घराबद्दल लिहिलं: ‘खोली एक, पडवी एक, दारे दोन. पुढील दारास आतून कडी आहे.’ यातला शब्दही खोटा नाही. अक्कांनी तो कागद रविवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, कागद लिहावा तर या यमुनेसारखा.

माझ्यामागून त्या गावी वत्सला गेली. एकोणीस वर्षांची, अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक. मी तिला दोनदाच भेटले होते. चौथ्या महिन्यात एका सकाळी ती अक्कांच्या माडीवर आली. सहा मैल चालत स्टेशन गाठून, मिळेल त्या गाडीनं. पायात वहाणा नव्हत्या, हातात छत्री नव्हती. मधलं दार उघडलं गेलं होतं, आणि ती पुढच्या दारानं निसटली होती. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही. तिनं मला एवढंच लिहायची परवानगी दिली आहे. गावानं दोन दिवसांत तिच्याबद्दल काय काय उठवलं, तेही लिहीत नाही. आबांनी वरती कळवलं की बाई रजेशिवाय शाळा सोडून गेली, तिची वर्तणूक ठीक नव्हती, सबब तिला कमी करावं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी अक्कांना पाहत होते. त्यांनी वत्सलाला आतल्या खोलीत ठेवलं आणि एका शब्दानं काही विचारलं नाही. स्वतः रोज शाळा सुटली की टांग्यानं, गाडीनं, जिथं पोचता येईल तिथं जाऊन बायांना भेटल्या. एकीनं तक्रार केली तर तिची बदनामी होते, हे ठरलेलं. म्हणून अर्ज सगळ्यांच्या नावानं करायचा. तोवर आमच्याकडे कोणी असं केलेलं नव्हतं. अकरा सह्या झाल्या. सातवी माझी. हमीदाबाईंनी उर्दूत सही केली आणि म्हणाल्या, साहेबाला वाचता आली नाही तर मला बोलावू दे, मी जाऊन वाचून दाखवते. अक्का आणि त्या, दोघी अर्ज घेऊन शिक्षण खात्याच्या कचेरीत गेल्या. साहेबानं अर्जावरची गावांची नावं पाहिली. एक रावेरची, एक एरंडोलची, एक पार धुळ्याची. त्यानं विचारलं, तुम्ही इतक्या बायका एकमेकींना ओळखता तरी कशा?

"साहेब," अक्का म्हणाल्या, "बदल्या तुम्हीच करता ना आमच्या."

वत्सलाची नोकरी राहिली. तिला रावेरला नेमलं, अक्कांच्या भावाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आबांना कोणी काही केलं नाही. त्या गावची मुलींची शाळा मात्र ‘शिक्षिका मिळत नाही’ म्हणून बंद झाली. तेवीस मुली घरी बसल्या. त्यांची नावं मला अजून हजेरीच्या क्रमानं येतात.

त्या महिन्याचा रविवार मी विसरू शकत नाही. त्या दिवशी चौदा जणी होत्या. एकीनं विचारलं, अक्का, यमुनाबाई दोन वर्षं त्याच घरात होत्या, त्यांच्या कागदात यातलं काहीच कसं नाही? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मी काही पाहिलं नव्हतं." एवढंच. आबांना काही करताना मी पाहिलं नव्हतं, हे खरं होतं. आणि कोणी आणखी काही विचारण्याआधी अक्का बोलल्या.

"नियम माझा होता. पाहिलं तेवढंच लिही, असं मीच सांगितलं. हिनं नियम पाळला. हिला कोणी काही बोलायचं नाही. चूक माझी आहे."

मी गप्प बसले. मधल्या दाराची कडी मी पाहिली होती. खिळ्यांची भोकं पाहिली होती, मोजली होती. नियमानं मला ते लिहायला कुठं अडवलं नव्हतं. उलट नियमाप्रमाणेच ते लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर वाचणारीनं विचारलं असतं, असं दार होतं तर तुम्ही दोन वर्षं तिथं राहिलात कशा? तो प्रश्न माझ्या होणाऱ्या सासरपर्यंत गेला असता. शिवाय आबांचा शेरा अजून कचेरीत पोचायचा होता. ही दोन कारणं. यांतलं पहिलं मोठं होतं, दुसरं लहान, पण दोन्ही होती.

अक्कांनी त्या दिवसापासून कागदाच्या शेवटी एक प्रश्न घातला: ‘या गावी, या घरात, तुमच्या धाकट्या बहिणीला एकटीला ठेवाल का?’ खाली फक्त होय किंवा नाही. कारण विचारायचं नाही, पुरावा मागायचा नाही. "तुले वाटलं ना, बस," असं त्या नव्या मुलींना सांगत. ज्या बाईनं जन्मभर ‘म्हणतात’चा तिरस्कार केला, तिनं माझ्यामुळे आपला नियम मोडला, आणि तो कोणामुळे मोडला हे तिला चुकीचं माहीत होतं. प्रश्न मात्र उपयोगी पडला. त्यांच्या पेटीत एकशे बारा कागद निघाले. गेल्या पंधरवड्यात मी ते मोजले. सतरांवर ‘नाही’ आहे. त्या सतरा घरांत दुसरी बाई गेली नाही. अक्कांनी प्रत्येक वेळी स्वतः जाऊन दुसरं घर शोधलं, नाहीतर बदली बदलून घेतली.

लग्नानंतर मी अमळनेरला होते, मग धुळ्याला. तीन मुलं झाली, नोकरी चालू राहिली. ती चालू राहिली याचंही श्रेय अक्कांना आहे. पहिल्या बाळंतपणानंतर सासऱ्यांनी नोकरी पुरे म्हटलं, तेव्हा त्या धुळ्याला येऊन त्यांच्याशी दीड तास कापसावर बोलल्या. शाळेचा विषयसुद्धा काढला नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "नाना, तुमची सून आमच्या अकराजणींत सातवी आहे, तिला मधून काढली तर आमचा हिशेब चुकतो." नानांना काय समजलं कोण जाणे, पण पुढं ते बोलले नाहीत. मी मात्र दाराआड उभी होते, आणि सातवी हा शब्द मला नीट ऐकवला नाही.

बावीस वर्षांत मी अक्कांना खरं सांगायला चार वेळा निघाले. एकदा मेहरूणच्या तळ्याकाठी, त्यांच्याबरोबर फिरत असताना; तेव्हा त्यांची एक जुनी विद्यार्थिनी पोराला घेऊन पाया पडायला आली. एकदा पत्र लिहिलं आणि टपालाच्या पेटीत टाकलं नाही. एकदा त्या आजारी होत्या. चौथी वेळ गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली, शेवटची. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला होता. दुपारची वेळ, त्या खिडकीशी बसलेल्या. मी त्यांच्या पायाची नखं काढत होते. दिसत नसल्यामुळे त्यांना ती काढता येत नसत, आणि दुसऱ्या कोणाला सांगायला संकोच वाटे. मी मान खाली घालूनच म्हणाले, "अक्का, त्या आबांच्या घराबद्दल मला..." त्यांनी पाय हलवला. नखकापणीचं टोक लागलं की काय असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "नको काढू ते. माझ्या नियमानं एका पोरीचं वाटोळं होता होता राहिलं. मला ते अजून रोज दिसतं. डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही, ते दिसतं."

इथं मी बोलायला हवं होतं. त्यांना ते रोज दिसत होतं, आणि दिसायला नको होतं. ते माझं होतं. मी उरलेली चार नखं काढली, हात धुतले, आणि संध्याकाळची गाडी धरली. मला वाटलं होतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगू...

तेराव्याला मी जळगावला गेले, आणि तिथून तशीच रावेरला, वत्सलाकडे. ती आता तिथल्या शाळेची मुख्य आहे. केस पिकले आहेत, आवाज मात्र तेवढाच बारीक. अक्कांना सांगायचं राहिलं ते तिला सांगितलं. कडी कोणत्या बाजूला होती, भोकं किती होती, ट्रंक किती सरकली होती, सगळं. ती तांदूळ निवडत होती. निवडायची थांबली नाही.

"कडी मी पहिल्याच दिवशी पाहिली होती," ती म्हणाली. "तुमचा कागद हातात होता. तो पुन्हा वाचला. त्यात त्या दाराचं काही नव्हतं. मला वाटलं, यमुनाबाई दोन वर्षं इथं राहिल्या, ऐंशी पावलं मोजणारी बाई, तिला भीती वाटली नाही. म्हणजे भीती माझ्याच मनातली. मीही ट्रंक लावत होते, यमुनाताई. माझी ट्रंक हलकी होती."

मी विचारलं, हे मी लिहू का? ती म्हणाली, लिहा. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मला आज सांगितलंत, ठीक आहे. माझं त्या सकाळी अक्कांच्या दारात अर्धं निभावलं, उरलेलं मी निभावलं. पण अक्कांना सांगायला हवं होतं तुम्ही. त्यांचं कोणी निभावलं?"

हा लेख मी त्यासाठी लिहीत आहे. नियम चुकला नव्हता, अक्का. तो पाळला गेला नव्हता. तुमच्या हयातीत हे एक वाक्य मला लिहिता आलं असतं, आणि त्याआधी कागदाच्या चाळीस ओळींखाली त्या दाराची एकेचाळिसावी ओळ...

गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही माडीवर जमलो. नऊ जणी. पिंजारीदादा म्हणाले आहेत, खोल्या तशाच राहू द्या, बाया येतात तोवर येऊ द्या. पहिला तास शाळेचा झाला. दुसऱ्या तासाला मी सगळ्यांसमोर बोलले. हमीदाबाई आता सत्तरीला आल्या आहेत. त्यांनी सगळं ऐकलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, आजपासून कागदात प्रत्येक दाराची कडी कोणत्या बाजूला आहे ते लिहायचं. कोणी तरी लगेच लिहून घेतलं. कोणी मला जवळ घेतलं नाही आणि कोणी रागावलंही नाही. भाकरी वाढली गेली. कोणाच्या मनात काय होतं मला सांगता येणार नाही. अक्का असत्या तर सांगता आलं असतं. त्यांच्या तोंडावर दिसायचं.

माझी गाडी संध्याकाळची होती. हमीदाबाई म्हणाल्या, आत जाऊन पड जरा. मी आतल्या खोलीत गेले. पंचवीस वर्षांत मी तिथं किती वेळा झोपले, ते मला सांगता येणार नाही. हे एक मी मोजलेलं नाही. दार लावलं. कडी आतल्या बाजूला आहे, लोखंडी, चांगली बोटभर जाड, आणि जिथं हात लागतो तिथं झिजून पांढरी झाली आहे. त्या दाराला बाहेरून कडी नाही. अक्कांनी कधी बसवलीच नाही, किंवा असलेली काढून टाकली असेल. बाहेरची फळी मी नीट पाहिली नाही, आणि पाहणारही नाही. मी कडी लावली. तिला जोर लागत नाही, इतक्या जणींच्या हातांनी ती सैल झाली आहे. बाहेर बाया बोलत होत्या. मी चटईवर पडले, आणि मला झोप लागली.